मास्तर, ते कमळ माझं होतं

मास्तर, काल तुमच्या शोकसभेत मी भांडलो. असल्या ठिकाणी भांडायचं नसतं, एवढं मलाही कळतं. कारखान्याच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या, तुमच्या फोटोला हार होता, काकू पहिल्या ओळीत पदर घेऊन बसल्या होत्या आणि मालक उभे राहून बोलत होते. "नरसय्या मास्तरांच्या हातात कला होती, पण माणूस लहरी. मनात आलं तर काम, नाही तर सुईत दोरा ओवत बसायचं. त्या लहरीपायी काय झालं, ते मोडलेलं कमळ सगळ्यांना आठवत असेल. असो, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये." बोलू नये म्हणत म्हणत सगळं बोलून झालं होतं. मागच्या ओळीत दोघं-तिघं हसले. मी उठून उभा राहिलो.

त्यानंतर मी जे बोललो ते अख्ख्या कारखान्यानं ऐकलं, तेवढे तुम्हीच नव्हता. म्हणून हे लिहितोय. तुमचा जन्म कुठला, मुलंबाळं किती, हे सांगायला बाकीचे लोक आहेत. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि थोडं भांडायचंही आहे, कारण आपलं भांडण अर्धंच राहिलंय.

दुष्काळात माझं गाव मंद्रूप सोडून आलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. चित्रकलेच्या दोन परीक्षा पास, एवढ्या शिदोरीवर सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, या चादरींच्या कारखान्यात, तुमच्या हाताखाली लागलो. पहिल्या सकाळी मला वाटलं, तुम्ही पेन्सिल द्याल. तुम्ही एक बारीक सुई दिलीत आणि दोऱ्याचा तुकडा. "ओव की," म्हणालात. मी दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा ओवला. तुम्ही मान हलवलीत. "बरं. आज तू पुठ्ठे शिव." मला वाटलं, नापास झालो. मग तुम्ही स्वतः सुई हातात घेतलीत, एका फटक्यात दोरा आरपार घातलात आणि ग्राफच्या टेबलाशी जाऊन बसलात.

आठवडाभर मी हा प्रकार बघत होतो आणि मनात हसत होतो. म्हातारा शकुन बघतोय, असं इराण्णाला म्हणालोसुद्धा. इराण्णा आपल्या चार नंबरच्या मागावर चादरी विणणारा, अक्कलकोटकडचा. तो म्हणाला, "हसू नको दत्ता. ते डोळा बघतेत, नशीब न्हाय."

खरंच डोळा बघत होता तुम्ही. आपल्या खोलीत कामं चार होती. चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, एक चौकट म्हणजे एक धागा. तो ग्राफ ओळीओळीनं वाचत मशीनवर पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, म्हणजे पंचिंग. ते पुठ्ठे ओळीनं दोरीत शिवून त्यांची माळ करायची. आणि ती माळ मागाच्या डोक्यावरच्या जॅकार्ड यंत्रावर चढवली की जिथं भोक तिथं धागा उचलला जातो, तो नीट उचलला जातोय का ते मागाशी उभं राहून बघायचं. बाहेरच्याला वाटतं हे सगळं एकच काम. तुम्ही म्हणायचात, "चार कामं म्हणजे चार वेगळी माणसं रे. एकाच अंगात चौघं राहतेत, पण चौघं एकदम जागे नसतेत." एका फटक्यात दोरा गेला तर ग्राफ. दुसऱ्यांदा गेला तर पंचिंग, तिथं हातापायाचा ठेका सांभाळतो. तिसऱ्यांदा गेला तर शिवण, तिथं डोकं थोडं झोपलं तरी चालतं, गप्पा मारल्या तरी चालतं. आणि बसवतच नसेल, अंगात नुसती चुळबुळ असेल, तर मागांमध्ये फेरी मारून बिघाड शोधायचे. दिवसातून तीन-चारदा सुई उचलायचात तुम्ही. कधी कधी दुपारी पाच वेळा दोरा हुकायचा, तेव्हा "नरसय्या घरी गेला" असं स्वतःच म्हणून पुठ्ठे शिवायला बसायचात. लाज म्हणून वाटायची नाही तुम्हाला.

मला वाटायची. म्हणून मी भांडायचो. मी शेतकऱ्याच्या घरचा, मला हे सगळं श्रीमंती चोचले वाटायचे. एकदा शेंगाचटणी आणि भाकरी खाता खाता मी म्हणालो, "मास्तर, आमच्या मंद्रूपला बैल दमला म्हणून पेरणी थांबत न्हाय." तुम्ही भाकरीचा तुकडा तोडत विचारलंत, "मग काय करतेत? दमलेल्या बैलाला तिफणीला जुंपतेत?" मी म्हणालो, "न्हाय, दुसरी जोडी जुंपतो." "बैल दमला तर बैल बदलतोस. स्वतः दमलास तर काय बदलणार?" "काम बदल की," असं तुम्हीच म्हणालात आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवलात.

मी तरी मानलं नाही. नोकरी म्हणजे जे सांगितलं ते, सांगितलं तेव्हा, असं माझं म्हणणं. तुमचं म्हणणं असं, की मालकाला चादर पाहिजे, तुझं दमणं नकोय त्याला. यावर आपण वर्षभर भांडलो असू. पण गंमत बघा, तुम्ही मला कधी तुमच्यासारखं वागायला सांगितलं नाहीत. तुमचा डोळा पहाटेपासून उघडा. माझा उघडायला दहा-अकरा वाजायचे. हे मला ठाऊक नव्हतं, तुम्ही बघून ठेवलं होतं. एक दिवस म्हणालात, "तू सकाळी माझ्याबरोबर ग्राफला बसू नको. सकाळी मागांकडं जा, बिघाड शोध, तुझे पाय सकाळी चांगले हायेत. अकराला ये, मग ग्राफ घे. जेवलास की तुझा जीव संपला, मग पेन्सिलीला हात लावायचा न्हाय." माझ्या आईनंसुद्धा माझं इतकं बघितलं नसेल, मास्तर.

आणि मग ते कमळ.

मोहोळला तुमच्या नातवाचं बारसं होतं, तीन दिवस तुम्ही गेलात. जाताना दारात उभं राहून बजावलंत, "कमळाचा ग्राफ झालाय. दुपारी वाचायचा न्हाय. पुठ्ठे मी आल्यावर कापू." तुम्ही गेलात आणि दुपारी मालक आले. ऑर्डर घाईची आहे, पुठ्ठे उद्या सकाळी मागावर पाहिजेत. मी सांगू शकलो असतो की सकाळी अकराला बसतो आणि एकपर्यंत देतो. पण मला दाखवायचं होतं. मास्तर नसले तरी दत्ता आहे, आणि दत्ताला सुईबिई लागत नाही. एप्रिलचं ऊन, वर पत्रा तापलेला, पोटात भाकरी. दोन वाजता बसलो. तीनच्या सुमाराला पापण्या जड झाल्या. ग्राफवर आठ-आठ चौकटींनंतर जाड रेघ असते, माझा डोळा एक जाड रेघ ओलांडून पलीकडं गेला, आणि बारा ओळी मी तिथूनच वाचल्या. मला पत्ताही नव्हता. पाचला पुठ्ठे तयार झाले तेव्हा मी शीळ घालत होतो.

सकाळी माळ चार नंबरवर चढली. चादरीवर कमळ उमटलं, आणि देठाशी त्याची मान आठ धाग्यांनी बाजूला. इराण्णाला पहिल्याच कमळात दिसलं होतं. पण पुठ्ठे तुमच्या खोलीतून आलेले. "मास्तरांची नवीन तऱ्हा असंल म्हणलो, आपण कोण बोलणार, चालू ठेवलो," असं तो नंतर म्हणाला. तुमच्या हातावरचा सगळ्यांचा विश्वास एवढा, की तुमच्या खोलीतली चूक कुणाला चूक वाटलीच नाही. दोन दिवस मान मोडलेली कमळं विणली गेली.

तुम्ही मोहोळहून आलात. मालकांनी चादर तुमच्यापुढं पसरली. तुम्ही ती बघितलीत, मग माझ्याकडं एकदा बघितलंत. त्यात राग असता तर मी तिथंच बोलून टाकलं असतं. राग नव्हता. तुम्ही चादरीची घडी घातलीत आणि म्हणालात, "मी कापलो. जायच्या आदल्या दिवशी घाईत कापलो. ग्राफचं घर चुकलं." मालकांनी दुपारी येऊन मला सांगितलं होतं, त्यांना शंका यायला हवी होती. पण मोठ्या माणसाला दोष देण्याची अशी संधी हातची कोण घालवणार? "एवढी सुई ओवता आणि हे?" असं म्हणाले ते. आणि मी, मास्तर, बाजूला उभा राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडत होतो.

पुढच्याच आठवड्यात भिंतीवर तक्ता लागला आणि दाराशी घंटा. आणीबाणीचे दिवस, जिकडंतिकडं शिस्तीच्या पाट्या, आपल्या खोलीलाही शिस्त आली. आठ ते एक पंचिंग, दोन ते पाच ग्राफ, काढायचा असो की वाचून तपासायचा. असं उलटं का, तर सकाळी मालक फेरीला यायचे आणि मशीनचा खडखडाट ऐकला की काम चाललंय असं त्यांना वाटायचं. ग्राफच्या कामाचा आवाज येत नाही. शांत बसलेला माणूस त्यांना रिकामा दिसतो.

तुम्ही काय केलंत, ते मी एकट्यानं बघितलंय. दोनची घंटा झाली की तुम्ही ग्राफपुढं बसायचात, पेन्सिल हातात, आणि पाचपर्यंत एक चौकट रंगवायचा नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "बसायला सांगितलेत, बसलो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, घंटेच्या दीड तास आधी, येऊन ग्राफ पुरा करायचात. म्हणजे मालकांनी तुमची सकाळही घेतली आणि दुपारही घेतली. तुमच्या हट्टाचं मला तेव्हा हसू यायचं. आज त्याचा अभिमान वाटतो, आणि इतका राग येतो की काय सांगू.

राग तुमच्यावरही आहे, हे ऐकून घ्या. तुम्ही चूक अंगावर घेतलीत, फार मोठं मन दाखवलंत, लोक म्हणतील. पण त्यात काय झालं? तुमचं म्हणणं मोडून मी जी चूक केली, ती तुमच्याच म्हणण्याच्या माथी आली. दुपारी ग्राफ वाचू नये, हे त्या कमळानं जितकं स्वच्छ दाखवलं तितकं तुम्हाला शंभरदा सांगूनही दाखवता आलं नसतं. आणि आपण दोघांनी मिळून तेच झाकलं. तुम्ही मला वाचवलंत आणि स्वतःची रीत बुडवलीत. मला विचारलं असतंत तर मी नको म्हणालो असतो. खरं सांगतो... नाही, खरं सांगायचं तर नसतो म्हणालो. मी तेव्हा भेकड होतो.

शेवटी तुम्ही इस्पितळात होता तेव्हा मी सांगायला आलो होतो. काय सांगायला, तुम्हाला तर सगळं माहीतच होतं. निदान तोंडानं एकदा म्हणावं, "मास्तर, चुकलो." मी स्टुलावर बसलो. तुम्ही विचारलंत, "आज काय काम केलास?" मी म्हणालो, "ग्राफ." "कधी?" मी म्हणालो, "दोनला." तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. मी थोडा वेळ तुमचे पाय चेपले आणि परत आलो. तुमच्या बाजूनं आपलं शेवटचं भांडण ते, आणि मी हरलो.

म्हणून काल उठलो. माझी नोकरी जाऊ शकते, हे मला माहीत होतं. तुमची जागा मला मिळेल अशी गेले आठ दिवस कुजबुज होती, तीही गेली असं धरूनच उठलो. "मालक, ते कमळ मी मोडलं," असं म्हणालो. आवाज चढला. "मास्तर मोहोळला होते. दुपारी ग्राफ वाचू नको म्हणून बजावून गेले होते. तुम्ही घाई केली आणि मी मिजास केली. बरोबर दोन ते पाच, आज तुमच्या तक्त्यात ग्राफची जी वेळ हाय, त्याच वेळेला मी ते मोडलो. लहरी मी होतो. मास्तर एकटेच कामाला धरून होते." मंद्रूपची भाषा आणि सोलापूरची भाषा, सगळी एकात एक आली. मागच्या ओळीतलं हसणं थांबलं. मालक म्हणाले, "ही वेळ नव्हे." मी म्हणालो, "दोन वर्षं मी बी हेच म्हणायलोय."

सभा संपल्यावर काकूंसमोर जायचा मला धीर होत नव्हता. त्यांनीच हाक मारली. "दत्ता, ते त्या दिवशी घरी आले, जेवताना हसले. म्हणले, आता त्या पोराला दुपार काय असते ते कळलं. मी म्हणलं, मग तुम्ही का अंगावर घेतलं? म्हणले, खरं सांगितलो तर मालक त्याला काढतेत. तो मंद्रूपला जाऊन बसंल, परत येणार न्हाय. मला तर काढणार न्हायत." एवढं सांगून त्या रिक्षात बसल्या. मी अंगणात उभा राहून रडलो, मास्तर. तुमच्या फोटोपुढं रडलो नव्हतो, तिथं रडलो.

आभार मात्र मानणार नाही. मानले की हिशेब मिटला असं होतं, आणि मला हा विषय मिटवायचा नाही. माणसाला सकाळी एक अंगबळ असतं, दुपारी दुसरं. ज्याला ज्या वेळेला जे झेपतं ते काम त्याच्या पुढ्यात ठेवावं, एवढं साधं तुम्ही म्हणत होता. याला लहर म्हणणाऱ्याला मी यापुढं गप्प ऐकून घेणार नाही, तो मालक असो की आणखी कुणी. आणि तुम्हालाही सांगून ठेवतो, सगळ्यांची सुई एकच नसते. मला बारीक सुईत दोरा ओवून काही कळत नाही, माझं कळतं पायावरून. पाय स्वस्थ असतील तर मी ग्राफला बसतो. तुम्ही असतात तर यावरही वाद घातला असतात.

आज सकाळी मालकांनी बोलावलं. मला वाटलं, हिशेब हातात ठेवतील. तर म्हणाले, "काल बोललास ते बोललास. मास्तरांची जागा तुला देतो. काम तुला येतं. पण तक्ता तसाच राहील, आणि कालचा विषय परत काढायचा नाही." जागा पुढ्यात होती, मास्तर. मंद्रूपला आई आहे, लहान भाऊ शिकतोय, मला ती जागा किती हवी आहे ते तुम्हाला सांगायला नको. मी म्हणालो, "तक्ता काढला तर बसतो. न्हायतर दुसरा माणूस बघा." त्यांनी टेबलावरची वही मिटली. "सोमवारी सांगतो," म्हणाले.

जेवण झालं. दोनची घंटा झाली. टेबलावर नव्या चादरीचा ग्राफ उघडा पडला होता, तो मी मिटला आणि पुठ्ठे शिवायला घेतले. अर्ध्या तासानं मालक खिडकीशी येऊन उभे राहिले. मी उठलो नाही. तेवढ्यात चार नंबरचा माग बंद करून इराण्णा आत आला, माझ्या समोर बसला आणि माळेचं दुसरं टोक त्यानं मांडीवर ओढून घेतलं. मालक थोडा वेळ थांबले आणि गेले. सोमवारी काय व्हायचं ते होईल. आज दुपारी तुमच्या खोलीत कुणीही ग्राफ वाचला नाही.